झाकणासकट डबा

श्रोते हो, जर्मन शिकणाऱ्यांची एकच तक्रार असते: नामांची लिंगं लक्षात राहत नाहीत. राहतील कशी? वही उघडावी तर टिश म्हणजे टेबल, गाबेल म्हणजे काटा, अशी नुसती यादी. नामाआधी येऊन त्याचं लिंग सांगणाऱ्या पुल्लिंगी डेअर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास या उपपदांचा कुठे पत्ताच नाही. अहो, हे म्हणजे डबे फडताळात आणि झाकणं भलत्याच खोक्यात! ऐन वेळी डबा भरायला घेतला की शोधाशोध. म्हणून पहिल्या दिवसापासून डबा उचलायचा तो झाकणासकट. डेअर टिश. डी गाबेल. मोठ्यानं म्हणा.

मराठी माणसाला वाटतं, तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, मग अवघड ते काय! तिथंच फसगत होते. आपलं टेबल 'ते', म्हणून हा 'डास टिश' म्हणून मोकळा. आपला सूर्य तो, तिकडे डी झोने. चंद्र मात्र डेअर मोंड. आपल्या घरची झाकणं तिकडच्या डब्यांना बसतीलच असं नाही.

आता युक्ती. डेअर असेल ती वस्तू मनात पेटवायची, डी असेल ती मोडायची, डास असेल ती बर्फात गोठवायची. जेवायला बसल्यावरच करून बघा. चमचा, डेअर ल्योफेल, भडकलाय. काटा, डी गाबेल, त्याचे दाते तुटून ताटात पडलेत. सुरी, डास मेसर, बर्फात अशी रुतलीय की ओढून निघत नाही. चित्र जितकं आचरट, तितकं पक्कं बसतं.

काही डबे तर आपलं झाकण आपणच सांगतात. उंग, हाइट, काइट, शाफ्ट हे प्रत्यय लागले की डी. शेन लागला की डास. म्हणून मुलगीसुद्धा डास मेडशेन! आणि जोडशब्द म्हणजे पुडांचा डबा. झाकण बसतं ते शेवटच्या पुडावर. हाउस डास, ट्यूअर डी, म्हणून घराचं दार डी हाउसट्यूअर.

पुढे विभक्ती आली की ही झाकणंही बदलतात. टेबलावर म्हणजे आउफ डेम टिश. आणि विशेषणं तर... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, ते पुन्हा कधीतरी. मुद्दा तेवढा परत सांगते: झाकणासकट डबा. आज रात्री वही काढा, उघड्या राहिलेल्या प्रत्येक नामाआधी डेअर, डी किंवा डास लिहा आणि मगच नवा शब्द घ्या.