अर्जात न मावणारं

(कोल्हापूर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सगळ्याजणी रोज काही ना काही लिहितच असतो. बैठकीचं इतिवृत्त, बचत गटाचा हिशेब, पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज, वर्षाचा अहवाल. तरीही आजचा विषय 'मनातलं लिहिणं' असा आहे म्हटल्यावर सकाळी चहाच्या वेळी एकजण म्हणाली, "ते लेखिकांचं काम. आपल्याला कुठला वेळ?" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणून आपल्या कामापासूनच सुरुवात करते.

केंद्रावर बाई येते तेव्हा ती सलग बोलत नाही. धाकट्या जावेपासून सुरू करते, मध्येच माहेरच्या विहिरीवर जाते, रडते, एखाद्या आठवणीनं हसतेसुद्धा. आपण तिला थांबवतो. तारीख कोणती? त्या वेळी घरात कोण होतं? हे विचारावंच लागतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली जो घटना अहवाल भरायचा असतो, त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक असे भाग आहेत. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारले, हुंडा आणला नाही म्हणून अपमान केला, अशा ओळींपुढं खूण करायची. मनाच्या छळाला कायद्यात जागा मिळाली ही चळवळीची मोठी कमाई आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण बाई सांगते, "जेवायला बसले की ताटाकडं कोणतरी बघतंय असं वाटतंय. माहेरी आले तरी वाटतंय." हे कोणत्या ओळीपुढं लिहायचं? आपण पेन थांबवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

2019 च्या महापुरानंतर शिरोळ, करवीरकडच्या गावांत पंचनामे झाले. घर किती पडलं, जनावरं किती गेली, सगळं नोंदलं गेलं. आईच्या हातची वाकळ कुजली, तिला रकाना नव्हता. सरकारी कागदानं ते करावं अशी माझी अपेक्षाही नाही. कागदाचं काम वेगळं. माझं म्हणणं एवढंच, की बाईचं जे रकान्यात बसत नाही त्याला दुसरीकडं कुठं तरी जागा हवी.

आपल्या आज्यांना ती होती. पहाटेचं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सासुरवास, माहेरची ओढ, भाऊ, लेकीचा जन्म, सगळं त्यांत आहे. एकीनं म्हणायचं, दुसरीनं त्यात आपलं घालायचं. सासू शेजारच्या खोलीत जागी असली तरी सीतेचा वनवास गाता येत होता, त्यात आपला वनवास मिसळला तर कोण पकडणार? पुढं पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पुन्हा जात्याशी बसा असं मी कुणाला सांगणार नाही. पण दोघींनी मिळून मन मोकळं करायची ती वेळही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आपोआप आलं नाही.

आता फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसून, घरच्यांना कळू न देता लिहीत राहिल्या. लिहिलेलं त्यांनी वीसेक वर्षं लपवून ठेवलं. मग ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आपल्याकडं या पुस्तकाचं कौतुक खूप होतं, त्या वीस वर्षांबद्दल मात्र आपण कमी बोलतो. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेल्या, सभेत उभं राहून बोलू शकणाऱ्या बाईलाही आपली वही घरात उघडी ठेवता आली नाही. शिवाय समाजाचं दुःख त्यांनी पुस्तकात सांगितलं, पण नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि माराबद्दल त्या मोकळेपणानं बोलल्या त्या पुष्कळ वर्षांनी, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. कुणाला काय आणि केव्हा सांगायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

मला हेच महत्त्वाचं वाटतं. शिबिरात आपण गोलात बसतो आणि 'बोला, मोकळ्या व्हा' म्हणून आग्रह धरतो. बाई भिडेखातर बोलते आणि रात्रभर तळमळते, की आता गावात कळणार. लिहिताना ती आधी स्वतःशी बोलते. खोडता येतं, पान फाडता येतं, दोन महिन्यांनी एकाच मैत्रिणीला दाखवता येतं.

लिहिल्यानं बरं वाटतं का, याचा अभ्यासही झालेला आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला लावलं. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटत होतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. म्हणून वही हातात देऊन बाईला एकटीला सोडून जाऊ नका. तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं.

लिहिता येत नाही तिनं काय करायचं? हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आपल्या कोल्हापूरला, सिनेमाच्या गावाला, नवं नाही. त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी लिहून घेतलं, 1970 मध्ये पुस्तक आलं. आपणही एकमेकींचं लिहून घेऊ शकतो. फक्त तिचे शब्द सुधारायचे नाहीत. ती 'मला लई कोंडल्यागत हुतंय' म्हणाली तर तिथं 'घुसमट' लिहायची नाही. आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवायचं. मोबाईलवर आवाज टिपून ठेवावा असं तरुण मुली सुचवतात. चांगलं आहे, पण तो मोबाईल रात्री कुणाच्या हातात असतो ते आधी विचारा.

एक इशारा देते. केस चालू असेल तर दोन वह्या ठेवा. एक तारीख-वारासह, वकिलांना दाखवायची. दुसरी मनाची. दुसरीत कधी 'मला त्यांची आठवण येते' असंही येणार, कधी 'जीव द्यावा वाटतो' असंही. ती समोरच्या वकिलाच्या हाती लागली तर बाईवरच उलटू शकते. आणि जीव देण्याचं कुठं वाचनात आलं, तर मात्र गुप्ततेचा मुद्दा मागं ठेवून त्याच दिवशी तिच्याशी बोलायचं, हे लिहायला बसण्याआधीच तिला सांगून ठेवा.

आज दुपारी आपण अर्धा तास लिहिणार आहोत. वाचून दाखवायचं की नाही ते जिचं तिनं ठरवायचं, कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. आपल्या अंकासाठी मजकूर हवा आहे हे खरं, पण आजच्या पानांतलं काहीही अंकासाठी मागितलं जाणार नाही. ज्यांना वही घरी नेता येत नाही त्यांच्यासाठी कार्यालयातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करायचा, असा प्रस्ताव मी मांडते. किल्ली दोघींकडं राहील. त्या दोघी कोण, आणि वही मागायला नवरा किंवा भाऊ दारात आला तर काय उत्तर द्यायचं, हे जेवणाआधी ठरवून घेऊ.