आंबविलेलें खाद्य व तळ्यांतील मासे

रोहूच्या पुढ्यांत भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड टाकली कीं तळ्याचा मालक निश्चिंत होतो. परंतु रोहूच्या कुळांतील माशांस जठरच नसतें. वनस्पतींतील पुष्कळसा स्फुरद फायटिक आम्लांत जखडलेला असतो. तो न पचतां पाण्यांत उतरतो, शेवाळ माजतें, आणि पहाटे प्राणवायु सरला म्हणजे मासे तोंडें वर काढून तडफडूं लागतात. पैसा अक्षरशः पाण्यांत गेला!

शांतिनिकेतनांतील विश्वभारतींत यावर मोठी मौजेची युक्ति निघाली; तिची हकीकत २००२ सालीं प्रसिद्ध झाली. माशाच्याच आंतड्यांतील एक जंतु वेगळा काढून त्याच्याकरवीं लेम्ना या टिकलीएवढ्या तरंगत्या पाणवनस्पतीच्या पानांची पूड आंबविली. फायटिक आम्ल शेंकडा १.२३ होतें, तें ०.०९ वर आलें. टॅनिन जवळजवळ नाहींसेंच झालें. कच्ची पूड रोहूच्या पिलांच्या खाद्यांत शेंकडा १० पर्यंतच मानवे. आंबविलेली ३० पर्यंत चालली. अंबील करणाऱ्या गृहिणीस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

मात्र आंबणें निराळें, कुजणें निराळें. पेंडीवर हिरवी-काळी बुरशी दिसली कीं ती टाकून द्यावी, मग दाम कितीही पडलेले असोत. भुईमुगावरील बुरशीचें अफ्लाटॉक्सिन हें विष आंबविल्यानें निघून जाईल असा भरंवसा धरूं नये.