नकार द्या, पण कारण सांगा



मी सातवीपलीकडे शिकलो नाही. कायदा शिकलो तो कारखान्याच्या फाटकावर. तिथला पहिला धडा असा की, कामगाराला काढायचे तर आधी आरोपपत्र द्या, त्याचे म्हणणे ऐका. आरोप शाबीत करण्याचे ओझे मालकाचे.

अमेरिकेत शिकायला निघालेल्या पोराच्या बाबतीत सारे उलटे. तिथल्या १९५२ च्या परदेशी आगमनाच्या कायद्यातले २१४(ब) हे कलम धरूनच चालते की, हा कायमचा राहायला येतो आहे. तसे नाही हे त्यानेच पटवायचे, तेही खिडकीपाशी, चार-दोन मिनिटांत! मायदेशी घर, नोकरी, मालमत्ता काय, असे विचारतात. अहो, विसाव्या वर्षी ते असते तर तो शिकायला कशाला निघाला असता? विद्यापीठाने प्रवेश दिलेला, बापाने कर्ज काढलेले. नकाराच्या कागदावर कलमाचा आकडा असतो. कोणते उत्तर नडले, ते नसते. अपील नाही. भरलेले १८५ डॉलरही परत नाहीत.

कोर्टात जावे, तर १९७२ साली अर्नेस्ट मँडेल या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, सरकारने वरकरणी रास्त कारण दिले की आम्ही त्यामागे डोकावणार नाही.

कुणाला घरात घ्यावे हा ज्याचा त्याचा हक्क. तो मला मान्य आहे. मी मागतो ते लेखी कारण. ब्रिटन ते देते, आणि २८ दिवसांत फेरतपासणीही मागू देते. तिथले राज्य त्यामुळे अडलेले नाही.