कानाला दार नाही



या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे होतात. मी सातवीत शाळा सोडून यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला लागलेला माणूस. पुढे सोळा वर्षे माग चालवला आणि मग युनियनचे काम अंगावर घेतले. तेव्हा श्रवणशक्तीवर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे आपण विचाराल. तो माझ्या बिघडलेल्या कानांनी दिला. शास्त्र मी वाचनालयात बसून वाचले आहे. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

ऐकणे म्हणजे काय? हवेच्या लाटा कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे असतात : हातोडा, ऐरण आणि रिकीब. पहिली दोन नावे तर आम्हा कामगारांच्या घरचीच! ही हाडे तो धक्का आत शंखाच्या आकाराच्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या नळीत पोचवतात. तिथे बारीक केस असलेल्या पेशी आहेत, एका कानात सुमारे १५,०००. त्या हालचालीची वीज करून मेंदूकडे धाडतात. शंखातला पडदा कसा हलतो, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला होते. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सेकंदाला २० ते २०,००० कंपने, एवढाच आपल्या कानाचा पल्ला. कुत्र्याला ४०,००० च्या वरचे ऐकू येते. वटवाघूळ त्याहून पुढे जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या स्पालान्झानींनी पाहिले, की डोळे झाकलेले वटवाघूळ बिनचूक उडते. कान बंद केले की मात्र आपटते. याचा उलगडा १९३८ साली ग्रिफिन आणि पिअर्स यांनी यंत्राने तो बारीक आवाज पकडला तेव्हा होऊ लागला. उलट, हत्ती आपल्याला ऐकूच न येणाऱ्या खर्जात बोलतात. १९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना केटी पेन यांना हवेत थरथर जाणवली, आणि त्यातून हा शोध लागला. रातकिड्याचा कान तर त्याच्या पुढच्या पायात असतो!

ज्याचे जसे जगणे, तसा त्याचा कान. पण मागाचा खडखडाट रोज बारा तास सोसावा, असा कान कोणालाच मिळालेला नाही. डोळ्याला पापणी आहे. कानाला दार नाही. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. डेसिबलचा हिशेब असा की दहा वाढले म्हणजे आवाजाची ताकद दसपट होते. म्हणजे ९० आणि १०० यांत फरक दहाचा नाही, दहापटीचा आहे.

या माराने त्या केसवाल्या पेशी मरतात. दुखत नाही, रक्त येत नाही. पहिला फटका बहुधा ४,००० कंपनांच्या आसपास बसतो. त्यामुळे माणूस सरसकट बहिरा होत नाही. 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'श' यांसारखी बारीक व्यंजने गळतात.

माझीच गोष्ट सांगतो. एका कारखान्यात बोनसची बोलणी चालली होती. मालक म्हणाले, "साठ दिवसांत देतो." मी ऐकले, "आठ दिवसांत." दारावर येऊन मी सभेत तसेच जाहीर केले. नवव्या दिवशी माणसे पैसे मागायला उभी राहिली. मालक खोटे बोलले नव्हते, आणि मीही नव्हतो. पण एका बाईने मला विचारले, "भाऊ, तुम्ही किती खाल्ले?" त्या रात्री मला झोप आली नाही. कान तपासले तेव्हा कागदावरची रेघ ४,००० पाशी विहिरीसारखी खोल गेलेली होती.

डॉक्टरांना विचारले, "या पेशी पुन्हा येतील का?" ते म्हणाले, "नाही." पुढे वाचनात आले, की पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, १९८८ साली हे सिद्ध झाले. कोंबडीला जे मिळाले ते माणसाला नाही! म्हणून आपल्याला जपणूक हाच उपाय.

कायद्याने हे मानलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा आवाजाने येणारा बहिरेपणा कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता. पण रोग यादीत असून भागत नाही. तो कोणी तपासायला हवा. कामावर घेताना कानाची तपासणी झालीच नसेल, तर पुढे नुकसान मोजायचे कशावरून? म्हणून माझी मागणी साधी आहे : भरतीच्या दिवशी कान तपासा, दरवर्षी पुन्हा तपासा, शेडमधला आवाज मोजा, सैल यंत्रे घट्ट करा, आणि कानात घालायच्या बोळ्यांचे पैसे मजुरीतून कापू नका. आणि कामगारबंधूंनो, "सवय झाली" असे म्हणू नका. आवाजाची सवय होत नाही. कान जातो, त्यालाच आपण सवय म्हणतो.

ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी कृपा करून पुढे यावे आणि माझ्या तोंडासमोर उभे राहून विचारावे. मला ओठ दिसले पाहिजेत.