शेवटची ओळ आधी वाचा

पायथन ही संगणकभाषा शिकू लागलेल्यांची तक्रार ठरलेली असते: प्रोग्राम चालत नाही, पडद्यावर भलताच मजकूर येतो. मग तो न वाचताच सगळा कोड पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो. वास्तविक त्या मजकुराची शेवटची ओळ चूक कोणत्या प्रकारची ते सांगते आणि तिच्या वरच्या ओळी चुकीची जागा दाखवतात. उदाहरणार्थ, इनपुट या आज्ञेने विचारलेले वय पायथन मजकूर म्हणूनच हाती देतो. त्यात 1 मिळवायला गेलात, की टाइपएरर येतो. इंट वापरून त्याची संख्या केली, की काम झाले.

यावर कोणी म्हणेल, दाखवलेली ओळ पुष्कळदा निर्दोष असते. आक्षेप खरा आहे. न मिटलेल्या कंसाचे खापर पूर्वी पुढच्या ओळीवर फुटायचे. 2021 मधल्या 3.10 आवृत्तीपासून मात्र कंस मिटलाच नाही, असे पायथन स्पष्ट सांगतो. संदेश इंग्रजीत असतात हेही खरे, पण रोज भेटणारे प्रकार मोजकेच. खरी पंचाईत संदेशच न येण्याची. मजकूर म्हणून आलेल्या 5 ला 2 ने गुणले, तर 10 नव्हे, 55 मिळतात, आणि पायथन निमूट पुढे जातो! तेव्हा उत्तर विचित्र वाटले, तर प्रिंटने किंमत आणि टाइपने तिचा प्रकार तपासा.