फॉर्म भरणे हीच पहिली तपासणी

(मंदिराच्या ज्येष्ठ मंडळाच्या मासिक सभेत एका निवृत्त डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, महाप्रसादाला थोडा वेळ आहे, आणि डॉक्टर उभे राहिले म्हणजे आता गोड खाऊ नका म्हणणार, अशी तुम्हाला धास्ती वाटत असेल. आज तो विषय नाही. आज मला फॉर्मबद्दल बोलायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण डॉक्टरांकडे जातात आणि शिवाय आयुर्वेद, ॲक्युपंक्चर, मालिश, योगोपचार यांचाही आधार घेतात. त्याला माझी हरकत नाही. गुडघ्याला तेल लावून बरे वाटत असेल तर जरूर लावा. अडचण वेगळीच आहे. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना तुमच्या वैद्यांचे नावही ठाऊक नसते, आणि वैद्यांना तुमच्या गोळ्या ठाऊक नसतात. दोघांमध्ये निरोप पोचवणारे तुम्ही एकटेच. तो निरोप लिहायची जागा म्हणजे पहिल्या भेटीत हातात येणारा तीन-चार पानी फॉर्म. आणि आपण तो कसा भरतो? चष्मा गाडीत राहिलेला असतो, मुलाला कामावर परतायची घाई असते, मग सगळीकडे 'नाही'वर खुणा करून आपण सही ठोकतो.

हा फॉर्म अमेरिकेचे खूळ आहे असे समजू नका. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या आयुर्वेदाच्या तीन परीक्षा. चरकसंहितेतल्या दशविध परीक्षेत प्रकृती, सात्म्य, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय असे सगळे येते. तो जुना फॉर्मच म्हणा ना. पुण्यात शिकलेले डॉ. वसंत लाड यांनी १९८४ साली न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्की येथे आयुर्वेदिक इन्स्टिट्यूट सुरू केली. नाडीपरीक्षेसाठी ते प्रसिद्ध आहेत. पण नाडी कितीही चांगली कळली, तरी तुमच्या खिशात रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे हे नाडी सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचे असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, औषधांचा. 'काही औषधे घेता का?' या प्रश्नाला आपले लोक 'नाही' म्हणतात, कारण आपल्या घरात चूर्ण, काढा, आसव यांना कोणी औषध म्हणतच नाही. पण ज्येष्ठमध रोज घेतले तर रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकते. मेथी, कारले, गुडमार हे मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतले तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. अश्वगंधा थायरॉईडच्या पातळीत फरक पाडू शकते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आमटीतली हळद चालेल, काळजी करू नका!

दुसरी गोष्ट भारतातून येणाऱ्या गोळ्यांची. क्रोसिन आणि टायलेनॉल ही नावे दोन, पण आतले औषध एकच. दोन्ही घेतल्या तर यकृतावर दुप्पट भार पडतो. म्हणून फॉर्मवर नुसते ब्रँडचे नाव लिहू नका, वेष्टनावरचे मूळ औषधाचे नाव आणि किती मिलिग्रॅम तेही लिहा. लिहिणे जमत नसेल तर सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत घालून बरोबर न्या.

दुकानात मिळते म्हणजे ते तपासलेले असते, असेही नाही. १९९४ च्या कायद्यानुसार इथे अशा पूरक पदार्थांना विक्रीआधी सरकारी मंजुरी लागत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरातल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. भस्म किंवा रसौषधी घेत असाल तर ते फॉर्मवर लिहा आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. शिसे रक्ताच्या साध्या तपासणीत कळते.

तिसरी गोष्ट संकोचाची. पडलात का, लघवीवर ताबा राहतो का, झोप लागते का, मन उदास असते का, हे प्रश्न सुनेसमोर किंवा जावयासमोर नकोसे वाटतात. मग ते पान स्वतः भरा, किंवा तेवढ्यापुरते त्यांना बाहेर बसायला सांगा. पायात गुठळी झालेली असताना पोटरीला मालिश करणे धोक्याचे आहे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर गरम शेकाने भाजलेले कळतही नाही. पेसमेकर, ठिसूळ हाडे, अलीकडची शस्त्रक्रिया, सगळे लिहा.

जन्मतारखेचेही सांगतो. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेले आपल्यात किती जण आहेत ते हात वर करून दाखवू नका, पण फॉर्मवर पासपोर्टवरचीच तारीख लिहा आणि खरे वय तोंडी सांगा.

फॉर्म जसा तुमची माहिती देतो, तसा तो उपचारकाचीही देतो. आयुर्वेदाला या देशात कोणत्याही राज्याचा स्वतंत्र परवाना नाही. कॅलिफोर्नियात २००३ पासून कायदा असा आहे की, परवाना नसलेल्या उपचारकाने आपण डॉक्टर नाही, आपले शिक्षण काय, उपचार कोणता, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचे आणि तुमची सही घ्यायची. मिनेसोटातही असा कायदा आहे. तुमच्या राज्यात नसला तरी तुम्ही विचारू शकता. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा असे कोणी फॉर्मवर लिहून घेत असेल, तर सही न करता उठा. आयुर्वेदाचे पैसे मेडिकेअर देत नाही, मग मेडिकेअरचा किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर कशाला हवा, हेही विचारा. आरोग्यमाहितीच्या गुप्ततेचा १९९६ चा कायदा प्रत्येक मालिशवाल्याला किंवा योगशिक्षकाला लागू होतोच असे नाही. कागद कुठे राहणार, कोण वाचणार, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आपल्यातले काही तरुण-तरुणी योगोपचार, अभ्यंग, आहारसल्ला असे व्यवसाय करू लागले आहेत. त्यांना दोन शब्द. जाहिरातीवर खर्च करण्याआधी फॉर्म नीट करा. अक्षर मोठे ठेवा. जे वापरणार नाही ते विचारू नका. 'औषधे'च्या खाली 'चूर्ण, काढा, भारतातून आणलेल्या गोळ्या' असे वेगळे छापा. माणूस आत येण्याआधी फॉर्म वाचा, आणि दर भेटीला विचारा, 'मागच्या वेळेपासून काय बदलले?' आपण लिहिलेले कोणी तरी वाचले, एवढ्यावर माणसे परत येतात आणि चार जणांना सांगतात. आणि वाचून हे आपल्या हातातले नाही असे दिसले, तर डॉक्टरांकडे पाठवा. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, विश्वास बसतो.

शेवटी एक विनंती. आपल्यात अनेक आजी-आजोबा असे आहेत की मुले दुसऱ्या राज्यात, इंग्रजी बेताचे आणि डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्यासाठी मंदिराच्या सेवा समितीने मोठ्या अक्षरात मराठी-इंग्रजी औषधपत्रक छापावे असे ठरले आहे. छपाईसाठी यथाशक्ती देणगी द्या. देणगी जमत नसेल तर महिन्यातला एक रविवार द्या. पंगतीनंतर तासभर त्यांच्याशेजारी बसायचे, पिशवीतल्या बाटल्या एकेक करून वाचायच्या आणि नावे लिहून द्यायची. कार्यालयात नावनोंदणीची वही ठेवली आहे. जाताना त्यात नाव लिहा, आणि येत्या रविवारी स्वतःची पिशवीही घेऊन या.