मैदान बांधण्याआधी वाट चालून बघा

तायांनो, मावश्यांनो, संध्याकाळच्या भाकरी उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण बचतीवर बोलणार नाही आणि कर्जफेडीवरही नाही. आज बोलायचंय खेळाच्या मैदानावर. "आम्हाला काय करायचं मैदानाचं?" म्हणून रेडिओ बंद करू नका. मैदानाला लागणारा पैसा आपल्याही पदरातून जातो. आणि तिथं पोचता आलं नाही, तर घरी बसते ती आपलीच लेक.

आमच्या प्रभागातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या. शेवटी एक ताई म्हणाली, "माझी पोरगी कबड्डी सोडते म्हणते." पोरगी तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, जिल्ह्यापर्यंत खेळून आलेली. कुणी मारलं नाही, कुणी अडवलं नाही, मग का सोडते? तर कॉलेजचा सराव आता तालुका क्रीडा संकुलात होतो, आणि ते लांब आहे. आम्ही विचारलं, किती लांब? ताईला सांगता येईना. खरं म्हणजे आमच्यापैकी एकीनंही ते संकुल पाहिलेलं नव्हतं.

म्हणून एका गुरुवारी आम्ही अकरा जणी ते बघायला गेलो. एसटी स्टँडवर उतरलो आणि चालायला लागलो. बाजारपेठ संपली, पेट्रोल पंप मागं पडला, पुढं नुसता माळ. रस्त्याला दिवा नाही की टपरी नाही. पोचायला पाऊण तास लागला. संकुल चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. धावायची मोठी गोल वाट आहे, बंदिस्त हॉल आहे. पण हॉलला कुलूप होतं. बायकांच्या मुतारीचं दार होतं, पाणी नव्हतं. पहाटे पोलीस भरतीची मुलं मोटारसायकलवर येऊन धावतात, असं राखणदारानं सांगितलं. मुली येतात का, असं विचारलं तर म्हणाला, "स्पर्धा असली की येतात."

तिथंच पायरीवर बसून आम्ही हिशोब मांडला. आपल्याला हिशोब येतो, गटानं तेवढं शिकवलंय. कॉलेज सुटतं ४ वाजता. चालत संकुलात पोचायला पावणेपाच. आपल्या गावांकडं जाणारी शेवटची गाडी साडेपाचची. म्हणजे पोरीनं पावणेपाचला पोचायचं आणि गाडी गाठायला पावणेपाचलाच परत निघायचं. खेळायला शिल्लक किती? शून्य मिनिटं. रिक्षा करावी तर रोजचे पैसे कुठून आणायचे? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. पण ज्या रस्त्यावर एसटीच जात नाही, तिथं पास काय करणार?

मग ते इतक्या लांब बांधलं कशाला? चौकशी केली तेव्हा कळलं, की यात कुणाचा डाव नव्हता. राज्याचं क्रीडा धोरण २००१ साली आलं. प्रत्येक तालुक्याला, जिल्ह्याला आणि विभागाला क्रीडा संकुल असावं असं ठरलं. २०२२ साली सरकारनं तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. हा पैसा बांधकामाचा. जागा मात्र सरकारी शोधायची. ४०० मीटर धावायची वाट करायची तर साधारण चार एकर जमीन लागते. गावात, स्टँडजवळ चार एकर सरकारी जमीन कुठली? ती असते माळावर, गायरानात. जिथं जमीन फुकट मिळाली, तिथं संकुल झालं. फुकट म्हणतो, पण रिक्षाचं भाडं आणि घरच्यांची काळजी कुणाच्या खात्यावर पडली? ती पोरींच्या खात्यावर पडली. सरकारी कागदावर तो खर्च दिसत नाही एवढंच.

आता एक गंमत सांगतो. सगळ्याच खेळांना चार एकर लागत नाहीत. बायकांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. गुणाकार करा, ९६ चौरस मीटर. आपला एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे कबड्डीचं मैदान एका गुंठ्यात बसतं! खो-खोचं २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. भोवती थोडी मोकळी जागा धरली तरी दोन्ही मैदानं दहा गुंठ्यांत मावतात. आपल्या पोरी खेळतात ते खेळ हेच. त्यांच्यासाठी माळावर जायची गरजच नव्हती. कॉलेजच्या मागं तेवढी जागा पडून होती. तिथं बाभळी वाढल्या होत्या आणि मोडकी बाकं टाकली होती.

आम्ही प्राचार्यांना भेटलो. भांडायला गेलो नाही, आमचा हिशोब घेऊन गेलो. ते म्हणाले, जागा आहे पण साफ करायला माणसं नाहीत. आम्ही म्हणालो, माणसं आम्ही आणतो. दोन रविवार श्रमदान केलं. बाभळी काढल्या, मुरूम पसरला, चुन्यानं रेघा मारल्या. आता मुली सव्वाचार ते सव्वापाच खेळतात आणि साडेपाचची गाडी गाठतात. स्टँड तिथून पाच मिनिटांवर आहे.

पण काम संपलेलं नाही. तिथंही मुलींना कपडे बदलायला खोली नाही, पाण्याचा नळ नाही. संकुलाच्या वाढीव कामाचा प्रस्ताव आता समितीपुढं आहे. त्यात प्रेक्षकांना बसायच्या पायऱ्या आहेत, कमान आहे. आम्ही अर्ज दिलाय, की पायऱ्या आणि कमान नंतर बांधा. आधी मुतारीला पाणी आणा, रस्त्याला दिवे लावा आणि संध्याकाळी स्टँडवरून एक फेरी सुरू करायला एसटीला पत्र द्या. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही पाठ सोडणार नाही.

काही जण म्हणतात, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी गावातून २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, तिला कुठं शेजारी संकुल होतं? खरं आहे, ललिताचा आम्हालाही अभिमान आहे. पण सगळ्या अडचणी ओलांडून एक पोचली, म्हणून बाकीच्या शंभर जणींपुढं अडचणी तशाच ठेवायच्या का? आणि प्रत्येकीला ऑलिंपिकला जायचं नसतं. अंगात ताकद यावी, चार मैत्रिणी मिळाव्यात, हरलं तरी उद्या परत मैदानात उतरावं, एवढं शिकली तरी ती पुढं संसारात आणि कामात उभी राहते.

तेव्हा तायांनो, तुमच्या तालुक्यात मैदान, संकुल किंवा कॉलेजचा हॉल व्हायचा असेल, तर नारळ फुटायच्या आधी तीन गोष्टी विचारा. पहिली, शेवटच्या गावातली मुलगी तिथं कशी जाईल आणि कितीला घरी येईल? दुसरी, पाणी, मुतारी आणि दिवे यांचा पैसा त्याच अंदाजपत्रकात आहे का? तिसरी, किल्ली कुणाकडं असेल आणि मुलींची वेळ कुठली? नुसतं विचारू नका, स्वतः ती वाट चालून बघा.

विचारायचं कुठं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथं ठराव करा आणि तो ग्रामसभेत मांडा. किती पैसा आला, कशावर खर्च झाला, हे कुणी सांगत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते १० रुपयेही लागत नाहीत. सरकारचा पैसा म्हणजे काही दुसऱ्याचा पैसा नाही. साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो.

त्या ताईची पोरगी पुन्हा खेळायला लागलीय. परवा गुडघा फोडून घरी आली. आई ओरडली, हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त घातली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा भेटू. नमस्कार.